फुली, चांदणी आणि रसाचा थेंब

बाई वर्गात नसल्या की खडू मॉनिटरच्या हातात यायचा. फळ्याच्या कोपऱ्यात तो 'बोलणाऱ्यांची नावे' असं लिहायचा, आणि नाव लागल्यावरही कुणी बोललं की नावापुढे फुली. चौथीत एकदा माझ्या नावापुढे इतक्या फुल्या झाल्या की फळ्याची कड आली. मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या, आणि खरं सांगायचं तर मला भारी वाटलं होतं.

हे आठवलं बहिणीच्या फोनमुळे. भाचा दुसरीत आहे. त्याच्यासाठी तिने फ्रिजवर चांदण्यांचा तक्ता लावला होता, तो एका व्हॉट्सॲप फॉरवर्डमुळे काढून टाकला. म्हणे बक्षिसांनी मुलांना 'डोपामिनचं व्यसन' लागतं. (डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन.) "तसाही पंधरा दिवसांनी चालेनासाच झाला होता," ती म्हणाली. फॉरवर्ड सोडून देऊ; पण पंधरा दिवसांनी तक्ता का चालेनासा होतो, यामागे फार सुंदर विज्ञान आहे.

आधी फुलीचं पाहू. १९६९ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात हॅरिएट बॅरिश, म्युरिएल साँडर्स आणि मॉन्ट्रोझ वुल्फ यांनी चौथीच्या एका वर्गावर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्गात २४ मुलं, त्यांतली काही मुख्याध्यापकांपर्यंत तक्रार गेलेली. निरीक्षक मिनिटामिनिटाची नोंद ठेवत होते. गणिताच्या तासाला ९६ टक्के मिनिटांत कुणी ना कुणी मध्येच बोलत होतं आणि ८२ टक्के मिनिटांत कुणीतरी जागेवरून उठलेलं होतं. मग वर्गाचे दोन संघ केले. नियम मोडला की फळ्यावर फुली, पण मुलाच्या नावापुढे नाही, संघापुढे. कमी फुल्यांचा संघ जिंकणार, आणि दोघांच्याही फुल्या पाचच्या आत राहिल्या तर दोघंही जिंकणार. बक्षीस काय, तर जेवणाच्या रांगेत पुढचा नंबर, नावापुढे चांदणी, दिवसाच्या शेवटी थोडा मोकळा वेळ. दुकानातून काहीच आणायचं नव्हतं. ते ९६ टक्के १९ वर आले, ८२ टक्के ९ वर.

पुढे त्यांनी गणिताच्या तासाला खेळ बंद केला आणि वाचनाच्या तासाला सुरू केला. गणितात गोंगाट परत आला, वाचनाचा वर्ग शांत झाला. वर्ग तोच, मुलं तीच, शिक्षिकाही तीच. बदलला तो फक्त खेळ. दोन पोरांनी मात्र 'आम्ही नाही खेळत' म्हणून मुद्दाम फुल्या मिळवायला सुरुवात केली. त्यांना संघातून बाजूला काढावं लागलं. मला ती दोघं फार ओळखीची वाटतात. आमच्या मॉनिटरच्या फुलीने मला प्रेक्षक मिळवून दिले होते. इथे फुली पडली की आपल्याच संघातले डोळे वटारतात. खडू तोच, पण हिशेब उलटा. बाईंचं 'खाली बस'सुद्धा असंच उलटतं. १९६८ च्या एका अभ्यासात शिक्षिकांनी मुद्दाम 'खाली बसा' जास्त वेळा म्हटलं, तर उभं राहणाऱ्या मुलांची संख्या वाढली. ओरडणं हेही लक्ष देणंच.

आता माझा आवडता भाग. १९९० च्या आसपास वोल्फ्राम शुल्ट्झ हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमध्ये माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशींचे विद्युत-ठोके मोजत होते. माकडाच्या तोंडात फळाच्या रसाचा थेंब पडला की पेशी ठोक्यांची सरबत्ती करत. मग थेंबाआधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी अजब घडलं. रस मिळताना पेशी जणू बेफिकीर, सरबत्ती सरकली दिव्यावर! आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी ठोके नेहमीपेक्षाही कमी झाले. म्हणजे या पेशी रस मोजत नव्हत्या, सुखही मोजत नव्हत्या. त्या मोजत होत्या फरक: मिळालं किती, वजा अपेक्षा किती होती. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह शुल्ट्झ यांनी १९९७ साली हे गणितात मांडलं. त्या गणिताचा साधा अवतार रेस्कॉर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच दिला होता:

नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + शिकण्याचा वेग × (मिळालेलं − जुनी अपेक्षा)

आकडे घालून पाहू. चांदणीची किंमत १ धरू, शिकण्याचा वेग ०.३, म्हणजे दर वेळी फरकाचा ०.३ भाग अपेक्षेत मिसळतो. पहिल्या दिवशी अपेक्षा शून्य, म्हणून फरक पूर्ण १, अपेक्षा ०.३ झाली. दुसऱ्या दिवशी फरक ०.७, तिसऱ्या दिवशी ०.४९, चौथ्या दिवशी ०.३४. दहाव्या दिवशी उरतो जेमतेम ०.०४. चांदणी तीच, चिकटवणारी आई तीच, पण मेंदूला त्यात बातमी उरलेली नाही. अकराव्या दिवशी आई विसरली, तर फरक थेट उणे ०.९७! पहिल्या दिवशी जेवढा आनंद, जवळजवळ तेवढाच हिरमोड. (वेग ०.१ धरून करून पाहा. उतार मंदावतो, पण आकार तोच राहतो.) रसाच्या थेंबावरून थेट दुसरीच्या मुलावर उडी मारणं धाडसाचं आहे हे मान्य. पण तक्ते का विझतात, हे या समीकरणाइतकं नेटकं मला दुसऱ्या कशाने समजलं नाही.

आणि जाता जाता: हाच मध्यमेंदू 'जागृत' करून डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलांना वाचायला शिकवतो म्हणणारे क्लास आपल्याकडे हजारो रुपये घेत आले आहेत. मुलं वाचतात ती नाकाशेजारच्या फटीतून. नाकाजवळ कापूस भरा, जागृती संपते. 'डोपामिनचं व्यसन' म्हणणाऱ्या फॉरवर्डची जातकुळीही हीच: मेंदूतला एक शब्द उचलायचा आणि आईबापांना घाबरवायचं.

दिव्याकडे परत येऊ, कारण रोजच्या नोंदीचं मर्म तिथे आहे. चंचल मुलांसाठी शाळांत 'रोजचं वर्तनपत्रक' वापरतात. त्यात तीन ते पाच ठरलेल्या गोष्टी, प्रत्येक तासाला बाईंची खूण, आणि संध्याकाळी घरी त्या खुणांवर एखादी सवलत. खूण म्हणजे दिवा, सवलत म्हणजे रस. रस नेमाने आला, तर खुणेलाच किंमत येते, आणि ती खूण त्याच तासात मिळते, महिनाअखेरच्या पालकसभेत नाही. डायरीतल्या लाल शेऱ्याला हे जमत नाही. तो येतो तोवर मूल ते भांडण विसरलेलं असतं.

सरसकट बक्षिसं वाटा, असा याचा अर्थ मुळीच नाही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की काढलीत तर प्रमाणपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं होतं, त्यांची आवड घटली नव्हती. जे मूल आपणहून गोष्टीची पुस्तकं वाचतं, त्याच्या वाचनाला चांदण्या लावू नका.

बहिणीचा तक्ता मी मागवून पाहिला. पहिली ओळ: 'शहाण्यासारखं वागणे'. आता सात वर्षांच्या मुलाने त्यातून काय उचलायचं? दुसरं म्हणजे चांदण्या ती रविवारी रात्री एकदम सात चिकटवायची, आठवून आठवून. वागणं आणि चांदणी यांत आठवड्याचं अंतर! आम्ही बसून ओळी बदलल्या. 'गृहपाठाची वही सांगायच्या आधी दप्तरातून काढली.' 'ताईचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबला.' सुरुवातीला पाचपैकी चार दिवस जमेल इतकंच सोपं ठेवलं, खूण जागच्या जागी. बक्षीस म्हणजे रात्री कोणती गोष्ट ऐकायची ते तो ठरवणार. एखादी ओळ अंगवळणी पडली की ती अवघड करायची, नाहीतर काढून टाकायची, कारण तिथला फरक शून्याला टेकलेला असतो.

गेल्या आठवड्यात वहीची ओळ तिने गुपचूप काढली. चार दिवस त्याच्या लक्षातही आलं नाही, वही मात्र रोज बाहेर येत होती. पाचव्या दिवशी तक्त्यासमोर उभा राहून त्याने विचारलं, "माझी एक ओळ कुणी पुसली?"