सिकोर्स्कींना विमानात बसण्याआधीच मारलं होतं?

दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या परागंदा (देश शत्रूच्या ताब्यात गेल्यामुळे परदेशातून चालणाऱ्या) सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की यांचा आधीच गळा घोटला आणि विमान नंतर पाडलं, ही गोष्ट तिकडे वर्षानुवर्षं चघळली जाते. (कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आसरा मिळालेले पोलिश निर्वासित याच सरकारचे नागरिक.)

४ जुलै १९४३ च्या रात्री त्यांचं लिबरेटर विमान स्पेनच्या दक्षिण टोकाजवळच्या ब्रिटिश जिब्राल्टरहून उडालं आणि १६ सेकंदांत समुद्रात कोसळलं. अटलांटिकवर पाणबुड्या हुडकत गस्त घालणाऱ्या जातीचंच हे विमान, फक्त प्रवासी नेणारं. एकटा वैमानिक वाचला, तोही जीवरक्षक जॅकेट घातलेला. विमानात सोबत असलेल्या सिकोर्स्कींच्या मुलीचा मृतदेह सापडलाच नाही. मग काय, संशयाला ऊत!

२००८ मध्ये पोलंडमधल्या क्राकोतली सिकोर्स्कींची शवपेटी उघडली. हाडं ठिकठिकाणी मोडलेली, जोरात आदळल्यावर मोडतात तशी. गोळीची जखम नाही, गळा आवळल्याची खूण नाही, विषही नाही. म्हणजे विमान पडलं तेव्हा ते जिवंत होते.

घातपाताचा प्रश्न वेगळा. शेपटीकडचं, विमानाचं नाक वर-खाली करणारं एलेव्हेटर अडकलं, असं ब्रिटिश चौकशीत ठरलं. ते कशामुळे अडकलं, हे मात्र त्या चौकशीलाही सांगता आलं नाही.