गोवा सुटला, मोहन रानडे नाही सुटले

गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याच्या जेलचं आता म्युझियम झालंय, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचे लोक सुट्टीला तिकडे जातात, फोटो काढतात, आणि बऱ्याच जणांचा समज असा की १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला म्हणजे सगळे राजबंदीही सुटले. तसं झालं नाही, गोव्यासाठी लढलेले मोहन रानडे तर १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते, म्हणून हे थोडं मागचं.

पोर्तुगीजांची खोड अशी की डोईजड माणूस गोव्यात ठेवायचाच नाही, थेट पोर्तुगालला धाडायचा. १९४६ ला राममनोहर लोहियांच्या मडगावच्या सभेनंतर धरपकड झाली त्यात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर वगैरेंना पार पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. आग्वादला निदान भेटीची आशा तरी, पेनिशला घरच्यांनी जायचं कसं?

मग १९५५. बांदा-पत्रादेवीकडून सत्याग्रही आत शिरायला लागले, मे मध्ये नानासाहेब गोरे, जुलैत मधू लिमये, लिमयेंना तर १२ वर्षांची शिक्षा. सुधाताई जोशींना त्याआधीच एप्रिलमध्ये गोवा नॅशनल काँग्रेसच्या म्हापशाच्या अधिवेशनात पकडलं होतं, त्या अध्यक्ष होत्या, म्हणजे इथे बायको आत आणि नवरा महादेवशास्त्री बाहेर. त्यात भारताने नाकेबंदी केलेली, दोन्ही देशांच्या वकिलाती बंद. आरोंद्याहून तेरेखोलची खाडी ओलांडली की पलीकडे गोवा, पण कैद्याच्या घरच्यांनी अर्ज द्यायचा तर तो तिसऱ्या देशामार्फत फिरणार. १९५७ च्या फेब्रुवारीत गोरे-लिमये वगैरे भारतीय सत्याग्रही सुटले, गोवेकरांना मात्र पोर्तुगाल आपलेच नागरिक म्हणायचा, त्यामुळे त्यांच्यासाठी बाहेरून दबाव आणणंच अवघड, बरेच जण आतच राहिले.

रानडेंची गोष्ट वेगळी. हे मूळचे सांगलीचे मनोहर आपटे, मास्तर म्हणून गोव्यात गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. सत्याग्रही नव्हेत, हत्यारवाले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले, २६ वर्षांची शिक्षा झाली, आणि १९६० ला त्यांना लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्यात हलवलं, म्हणून पुढच्या वर्षी आपलं सैन्य आलं तेव्हा ते गोव्यात नव्हतेच. आता खरी चीड येते ती इथे. आपल्या ताब्यात हजारो पोर्तुगीज सैनिक होते, ते १९६२ च्या मे पर्यंत परत पाठवून दिले, आणि बदल्यात रानडे काही आले नाहीत. माझ्या मते हातातला सगळ्यात मोठा मोहरा तेव्हाच गेला.

नंतर धावपळ केली ती बाहेरच्या माणसांनी. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, गाण्याबिण्याचा व्याप सांभाळून (दादरा-नगर हवेलीच्या लढ्यातही होतेच ते) रानडेंच्या सुटकेसाठी समिती काढून मागे लागले. आणि शेवटी जो दरवाजा उघडला तो कुणाच्या ध्यानीमनी नसलेला: तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ मध्ये व्हॅटिकनला गेले, स्वतः नास्तिक वळणाच्या चळवळीतले, त्यांनी पोपना शब्द टाकला की रानडेंना सोडवा. साहजिकच आहे, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या कॅथलिक राजवटीला दिल्लीपेक्षा रोमचा शब्द जड. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले, आणि ३ फेब्रुवारीला अण्णादुराई गेले.

तेलो मास्कारेन्यस, गोव्याचेच कवी-पत्रकार, त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. ते तर पोर्तुगालच्या तुरुंगातून १९७० ला सुटले.