सातही बेटं आंदणात गेली?

पोर्तुगीजांनी सात बेटांची मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, हे शाळेपासून ऐकलेलं अर्धंच खरं. १६६१ च्या करारात पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ब्रागांझा आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नानिमित्त मुंबईचं बेट आणि बंदर द्यायचं ठरलं. पण १६६२ मध्ये इंग्रज ताबा घ्यायला आले, तेव्हा पोर्तुगीजांनी चक्क नकार दिला! ताबा घ्यायला आलेला इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर खोळंबला आणि १६६४ मध्ये तिथेच वारला. त्याचे बरेच शिपाईही दगावले. १६६५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या हम्फ्री कुकला मिळालं ते फक्त मुंबई बेट. माहीम त्याने मागाहून बळकावलं. १६६८ मध्ये चार्ल्सने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. कॅथरिनने मुंबई कधी पाहिलीच नाही.