मशेरीने डोकं उतरतं, पण चढवलं कोणी?

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या वाडीत एका घरी तंबाखू भाजायला घेतली, की शेजारच्या पडवीत ठसका लागतो. पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून पूड करायची, डबीत भरायची: झाली मशेरी. सकाळी उठल्याउठल्या बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची आणि मागीलदारी घटकाभर बसायचं. याला कोणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. उपासालाही चालतं. सोडत का नाही विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "मशेरी नाय लावली तर डोक्या धरता."

डोकं धरतं हे खरंच आहे. मात्र ते धरायला लावते तीच मशेरी.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांमार्फत. त्यातलं एक अ‍ॅसिटिलकोलीन. ते पेशींवरच्या ज्या ग्राहींवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागांवर, बसतं, त्यांतल्या काहींवर तंबाखूतलं निकोटिनही बसतं. अ‍ॅसिटिलकोलीनचं काम झालं की एक विकर (एन्झाइम) त्याचा लगेच निकाल लावतं. निकोटिनवर त्या विकराचं काही चालत नाही, ते रेंगाळतं. त्याने मध्यमेंदूतल्या पेशी चेतवल्या की डोपामिन हे दुसरं निरोप्या रसायन सुटतं आणि मेंदू धडा गिरवतो: हे पुन्हा कर.

रोजच्या माऱ्याने मात्र ग्राही बधिर होतात. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, बांगडा भरभरून लागला की भाव कोसळतो, तसंच हे. निकोटिन तेवढंच, पण किंमत उतरलेली. मग मेंदू ग्राहींची संख्याच वाढवतो. सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये हे जादा ग्राही दिसले आहेत.

रक्तातलं निकोटिन साधारण दर २ तासांनी निम्मं होतं. रात्रभराच्या झोपेत ते बरंचसं ओसरतं, बधिर ग्राही जागे होतात आणि सकाळी ही वाढलेली फौज रिकामी बसलेली असते. डोकं जड, चिडचिड, कशात लक्ष नाही. बोट हिरडीवर फिरलं की सगळं शांत. तरतरी आली असं वाटतं, प्रत्यक्षात रात्रीची तूट भरून निघालेली असते.

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ कार्ल फॅगरस्ट्रॉम यांच्या नावाची सिगारेटच्या व्यसनाची चाचणी आहे. तिच्यातला वजनदार प्रश्न असा: उठल्यावर किती वेळात पहिली पेटवता? ५ मिनिटांच्या आत असेल तर सर्वाधिक गुण. दात घासायलाच तंबाखू घेणाऱ्या आमच्या आज्या-काकवांनी यात काय उत्तर द्यावं!

जेट्टीवरच्या खलाशाची गोष्ट थोडी वेगळी. जाळं सोडलं, आता वाट पाहायची, की हात आपसूक चंचीकडे जातो. मेंदूने निकोटिनसोबत ती वेळ, ती जागा, सोबतची माणसंही बांधून ठेवलेली असतात. म्हणून घरी चार दिवस कोरडा राहिलेला माणूस बोटीवर चढताच तलफेने कासावीस होतो. याला मनाचा दुबळेपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तळहातावर मळलेला चुना तर कामगिरी आणखी चोख करतो. चुन्याने अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट, झालेल्या तोंडात निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरतं. कॅन्सरला मुख्यतः तंबाखूतली नायट्रोसामाइन्ससारखी रसायनं कारण असतात. निकोटिनचं काम माणसाला पुन्हा डबीपाशी आणण्याचं.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. त्रास साधारण २ ते ४ आठवडे टिकतो. सिगारेट सोडणाऱ्यांत जादा ग्राही ६ ते १२ आठवड्यांत पूर्वपदावर आलेले दिसले आहेत. जागेची-वेळेची ओढ त्याहून चिवट, म्हणून सुरुवातीला त्या घडीला हाताला दुसरं काम हवं. औषधाच्या दुकानातला निकोटिन गमही मदत करतो. गरोदर बाई किंवा हृदयरोगी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. हा गम साध्या च्युइंगगमसारखा कचाकचा चावायचा नसतो. जरा चावून झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचा. तंबाखूचा बार भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. फक्त त्याआधी १५ मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत कोकम सरबत, सोलकढी नको. चुन्याने जे साधतं त्याच्या नेमकं उलट आंबटाने होतं: निकोटिन गालातून नीट शोषलं जात नाही, पोटात जातं आणि गम फुकट जातो.