तुराटीवरचा चतुर, रुईवरचं फुलपाखरू

परभणीकडच्या आमच्या आखाड्यामागं शेततळं आहे. भाद्रपदात ते काठोकाठ भरतं. काठावर कुणीतरी रोवलेल्या तुराटीच्या शेंड्यावर एक गुलाबी चतुर बसलेला असतो. पहिल्या वर्षी मी त्याच्यामागं कॅमेरा घेऊन धावत होतो. मग लक्षात आलं, की धावायचं कामच नाही. नर चतुर पाण्याकाठचा तेवढा तुकडा आपला मानतो. डास टिपतो, दुसऱ्या नराला पिटाळतो आणि पुन्हा त्याच शेंड्यावर येतो. तो उडाला की शेंड्यावर फोकस धरायचा आणि उकिडवं बसून राहायचं.

ऊन डोक्यावर आलं की चतुर पोटाचं टोक वर उचलून जवळजवळ सरळ सूर्याकडं रोखतो. अंगावर पडणारं ऊन त्यानं कमी होतं. ही कसरत टिपायला भर दुपार बरी, पण बाकी सगळ्यासाठी सकाळच. फुलपाखरांचंही तसंच. त्यांचे उडायचे स्नायू साधारण ३० अंशांपर्यंत तापावे लागतात, म्हणून सकाळी ती पंख पसरून ऊन खात बसतात. कॅमेरा पंखांना समांतर धरला तर पंख कडेपर्यंत स्पष्ट येतात. आपली सावली मात्र अंगावर पडू द्यायची नाही. मोठ्या चतुरांच्या एकेका डोळ्यात ३०,००० च्या आसपास भिंगं असतात. हालचाल त्यांना लगेच कळते.

फोटो घरी आणून मोठा करून बघण्यात खरा आनंद आहे. धुऱ्यावरच्या रुईभोवती प्लेन टायगर नावाचं नारिंगी फुलपाखरू घुटमळतं. त्याची अळी रुईची पानं खाते, त्यातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब हाच वेश घेते. तिच्या अळ्या मात्र घोळीच्या भाजीवर वाढतात, म्हणजे आपण ताटात घेतो त्याच घोळीवर. उडताना दोघींतला फरक कळत नाही. फोटोत मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके दिसले तर प्लेन टायगर, वरच्या कडेला एकच डाग असेल तर एगफ्लाय. मला हे कळलं तेव्हा मी आधीचे सगळे फोटो पुन्हा काढून तपासले. फुलपाखरू सुस्त व्हावं म्हणून फ्रीजमध्ये ठेवणारेही असतात. तो फोटो मला फोटो वाटत नाही.

पाऊस सरता सरता वावरावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. हे ग्लोब स्किमर. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यातही त्यांची पिल्लं दीड-दोन महिन्यांत वाढून बाहेर पडतात. हे चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जात असावेत, असं मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं.

आश्विनात पहाटे तुरीच्या फांदीखाली एखादा लटकलेला सापडतो, पंखांवर दंवाचे थेंब घेऊन. ऊन पोचेपर्यंत तो हलत नाही. मग पंख थरथरायला लागतात, थेंब एकेक करून गळतात. तेवढ्या वेळात मी दहा-बारा फोटो घेतो.