आप्तभेटीचा प्रवास आणि संसर्गजन्य आजार

परदेशात गेल्यावर आजारी पडायचा धोका नुसता देशावर ठरत नाही, माणूस तिथे कशासाठी गेलाय यावरही ठरतो. मीटिंगसाठी चार दिवस एसी हॉटेलात राहणारा आणि महिनाभर आजोळी राहणारा, दोघं एकाच विमानाने उतरले तरी पुढे पाणी वेगळं, जेवण वेगळं, रात्रीचे डासही वेगळे.

यात सगळ्यात दुर्लक्षित गट म्हणजे नातेवाइकांना भेटायला मायदेशी जाणारे, डॉक्टर लोक त्यांना व्हीएफआर म्हणतात (‘व्हिजिटिंग फ्रेंड्स अँड रिलेटिव्ह्ज’). अमेरिकेत वर्षाला साधारण २,००० मलेरियाचे पेशंट सापडतात, जवळपास सगळे बाहेरून लागण घेऊन आलेले, आणि त्यात मोठा वाटा आफ्रिकेत घरी जाऊन आलेल्यांचा. टायफॉइडचं बघितलं तर भारत, पाकिस्तान, बांगलादेशला जाऊन आलेले जास्त. कारण एकच, ‘आम्ही तिथेच वाढलो, आम्हाला काय होतंय!’ हा समज खरंच घातक आहे, कारण मलेरियाविरुद्धची ताकद गाव सोडल्यावर हळूहळू ओसरते, आणि परदेशात जन्मलेल्या मुलांकडे तर ती कधी नव्हतीच. हेपॅटायटिस ए म्हणजे दूषित पाण्या-अन्नातून होणारी कावीळ, ती पुण्यात वाढलेल्या आईबाबांना बहुतेक लहानपणीच नकळत होऊन गेलेली असते, पण लंडनला जन्मलेल्या त्यांच्या मुलीला नाही, आणि तिथल्या नेहमीच्या लसीकरणात ही लस येत नाही, म्हणजे निघायच्या आधी मुद्दाम मागून घ्यावी लागते. तिकीट घाईत निघतं, राहायचं घरीच, मग ट्रॅव्हल क्लिनिकला कोण जातंय!

हजची गोष्ट वेगळी, तिथे धोका गर्दीचा. २००० साली हजहून परतलेल्यांमार्फत डब्ल्यू१३५ प्रकारच्या जंतूचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) ब्रिटन, फ्रान्स, सिंगापूरमधल्या त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचला, त्यानंतर सौदीने या जंतूच्या चार प्रकारांवरची लस सक्तीची केली. साहसी प्रवासात धोका पाण्या-चिखलाचा: त्याच वर्षी मलेशियात, बोर्निओ बेटावरच्या साबामध्ये इको-चॅलेंज स्पर्धेत सेगामा नदीत पोहलेल्या बऱ्याच स्पर्धकांना लेप्टो झाला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, प्राण्यांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप.

पिवळ्या तापाच्या नियमाला मात्र प्रवासाचं कारण-बिरण चालत नाही. केनियाहून त्याच्या लसीच्या सर्टिफिकेटशिवाय भारतात आलात तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं, कारण हा ताप इथे नाही पण तो पसरवणारा एडिस डास भरपूर आहे.

परतल्यावर ताप आला तर डॉक्टरला प्रवासाचं आधी सांगायचं, कुठे गेलो आणि कुणाकडे राहिलो तेही. मलेरियाचा फॅल्सिपेरम हा प्रकार काही दिवसांत जीव घेऊ शकतो, आणि व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार यकृतात लपून महिन्यांनी उठतो, तेव्हा गावी गेल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.