फ्रेंच सिनेमा म्हणजे नुसता गंभीर? अजिबात नाही

‘फ्रेंच सिनेमा म्हणजे सिगारेट, पाऊस आणि उदास चेहरे’ हा समज आपल्याकडे फार जुना आहे. फिल्म सोसायटीत आणि महोत्सवांत जे पाहायला मिळालं, त्यातून तो तयार झाला. फ्रान्समधल्या थिएटरांचे आकडे मात्र वेगळंच सांगतात.

तिथे सर्वाधिक तिकिटं विकली गेलेला फ्रेंच चित्रपट विनोदी आहे: २००८ चा ‘ब्यांव्हनू शे ले श्ती’, २ कोटींहून जास्त तिकिटं. त्याआधी हा मान चार दशकं १९६६ च्या ‘ला ग्रांद व्हाद्रुय’कडे होता. तोही विनोदीच, आणि गोष्ट मात्र नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्सची! मुळात १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून जो पहिला खेळ केला, त्यातही बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याची फजिती होतीच.

मग हे हसू आपल्यापर्यंत का पोचत नाही? कारण ते बोलीत असतं. ‘श्ती’मध्ये दक्षिणेतला पोस्टमास्तर बदलीवर उत्तरेला येतो. तिथले लोक ‘स’चा ‘श’ करतात. घरातलं फर्निचर आधीचा साहेब का घेऊन गेला, असं तो विचारतो. उत्तर मिळतं, ‘शियँ’ असेल म्हणून. सांगणाऱ्याला म्हणायचं असतं ‘सियँ’, म्हणजे ‘त्याचं स्वतःचं’. ऐकणाऱ्याला ऐकू येतात ‘कुत्रे’. सबटायटलमध्ये हे कसं बसवणार? मूळ आवाज कान देऊन ऐकावा, तेव्हाच यातली खरी गंमत कळते.